वेलिंग्टन कू यांची सही

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

दुबळ्या देशाच्या मुत्सद्द्याला खरोखर काही करता येते का, असे तू विचारले आहेस. परराष्ट्र सेवेच्या तयारीत तत्त्वचर्चा पुष्कळ वाचशील. त्याआधी वेलिंग्टन कू या चिनी मुत्सद्द्याची कारकीर्द वाच.

पॅरिसच्या शांतता परिषदेत २८ जानेवारी १९१९ रोजी, चीनच्या शानडोंग प्रांतातील जर्मनीचे हक्क आपल्याला मिळावेत या जपानच्या मागणीला उत्तर देण्यास ते उभे राहिले, तेव्हा त्यांना ३१ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस बाकी होता. कन्फ्यूशियसची जन्मभूमी म्हणून त्यांनी शानडोंगचा केलेला उल्लेख सर्वांच्या लक्षात राहतो. तू मात्र त्यांच्या कायदेशीर मांडणीकडे पाहा. १९१५ चे करार जपानने धाकदपटशाने करवून घेतले होते, आणि १९१७ मध्ये चीनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच जर्मनीचा तेथील भाडेपट्टाच संपला, मग तो जपानकडे जाणार कसा, असा त्यांचा बिनतोड प्रश्न होता. चीनमधील परकीयांच्या कायदेशीर स्थानावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. ती तयारी येथे कामी आली.

तरीही निकाल जपानच्या बाजूने लागला. ब्रिटन व फ्रान्स आधीच्या गुप्त आश्वासनांनी बांधलेले होते. पण मला अधिक बोचते ते हे, की १९१८ मध्ये कर्जाच्या बोलण्यांत खुद्द पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) चिनी सरकारनेच जपानला शानडोंगबाबत लेखी संमती देऊन ठेवली होती. समोरच्याचे कागद वाचण्यापूर्वी आपल्याच दप्तरातले कागद वाचण्याची सवय तू आतापासून लावून घे. ४ मे १९१९ रोजी पेकिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि शानडोंगपुरता आक्षेप नोंदवून जर्मनीबरोबरच्या तहावर सही करण्याची मुभाही नाकारली गेल्यावर २८ जूनला चिनी प्रतिनिधी सहीसाठी व्हर्सायला गेलेच नाहीत.

त्या नकारानंतर बोलणी मात्र थांबली नाहीत. वॉशिंग्टन परिषदेच्या वेळी, फेब्रुवारी १९२२ मध्ये, तेथील रेल्वेची किंमत १५ वर्षांच्या रोख्यांनी फेडण्याचे कबूल करून चीनने शानडोंग परत मिळवले. पुढे १९४२ च्या अखेरीस, ब्रिटनचे चीनमधील विशेषाधिकार रद्द करणारा करार हाँगकाँगलगतच्या कौलूनच्या प्रश्नावर अडला असता, तो प्रश्न बाजूला ठेवून सही करावी असा सल्ला याच कूंनी चीनचे तेव्हाचे नेते च्यांग काय-शेक यांना दिला. २६ जून १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवरची पहिली सहीही त्यांचीच.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध आला तो हेगला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश या नात्याने. दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने भारताविरुद्ध लढवलेला खटला त्यांच्यासमोर होता, आणि भारतातर्फे नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य मालाला वाट आहे, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नाही, असा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. तो मुळातून वाच, त्यासोबतचे कूंचे आणि छागलांचे मत शेजारी ठेव, आणि दोघे कोणत्या मुद्द्यावर वेगळे होतात ते मला लिहून पाठव.

तुझा,
जुना शिक्षक