सेवा केंद्रासाठी फीडरवाला स्कॅनर घ्यावा की साधा फ्लॅटबेड?

यवतमाळच्या आर्णी तालुक्यातल्या गावात सेवा केंद्र, रोजचे साठ-सत्तर कागद, आणि दुकानदार ‘मिनिटाला २५ पानं’ ओढणारा फीडरवाला (गठ्ठा लावला की एकेक पान आपोआप आत ओढणारा) स्कॅनर घ्या म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. नका घेऊ, निदान पहिला तरी नको. आधी फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर कागद ठेवून झाकण लावायचा साधा स्कॅनर.

तुमच्याकडे कागद कसला येणार ते बघा. ओबीसीच्या जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा. घडीवर विरलेले, मागून चिकटपट्टी लावलेले. फीडरचा रबरी रोलर असा कागद ओढताना घडीवरच फाडतो, आणि तो माणूस पुन्हा नक्कल काढायला तहसीलच्या चकरा मारतो.

फ्लॅटबेडमध्ये स्वस्त नि पातळ ते सीआयएस सेन्सरचे (सेन्सर म्हणजे कागद वाचणारा भाग). कॅनन लाइड ३०० त्याच जातीचा. यूएसबी केबलवरच चालतात, त्यामुळे लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम सुरू राहतं. खोट एकच: काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट येतं. पासबुकाची मधली शिवण धूसर येते, तिथे झाकण हातानं दाबून धरा. सीसीडी या दुसऱ्या जातीच्या सेन्सरवाल्यात हा त्रास कमी, पण तो जड, महाग आणि त्याला वेगळी वीज लागते.

खोक्यावरचा २४००-४८०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) विसरा. ३०० डीपीआयला ए-फोर पान २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं, तेवढं पुष्कळ. उलट अडचण फाइल मोठी होण्याची आहे. आपले सरकार पोर्टलवर कागदपत्र ७५ ते ५०० केबी आणि फोटो ५ ते २० केबीत बसवावा लागतो. फाइल मोठी झाली तर आधी डीपीआय २०० वर आणा. जेपीईजीचा दर्जा फार पाडला की अक्षरांभोवती मळ दिसतो. ब्लॅक अँड व्हाइट मोड जुन्या कागदाला लावूच नका, फिका जांभळा गोल शिक्का त्यात पार उडतो. रंगीत किंवा ग्रेस्केल (करड्या छटांचा) मोड ठेवा. पातळ कागदाची मागची बाजू उमटत असेल तर वरून काळा कागद ठेवा.

स्टॅम्प पेपरसारख्या लांब, लीगल मापाच्या कागदावर हमखास फसायला होतं. काच ए-फोर, २९७ मिमी. लीगल कागद ३५६ मिमी. खालची सहीच कापली जाते. दोनदा स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये जोडा. प्रतिज्ञापत्रं रोजची असतील तर पुढे फीडरवाला ऑल-इन-वन (प्रिंटर-स्कॅनर एकत्र) बघा: बऱ्याच मॉडेलांची काच ए-फोर असली तरी फीडर लीगल घेतो. माहितीपत्रकात ३५६ मिमी लिहिलंय का, ते आधी वाचा.

फीडरच्या प्रत्येक पानावर उभी काळी रेघ आली की लोक मोठी काच पुसत बसतात. दोष असतो बाजूच्या अरुंद काचपट्टीवरच्या कणात, आणि कापसाच्या दिवसांत तिथे तंतू बसतातच. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, थेट काचेवर ओतू नका. पावसाळ्यात दमट पानं जोडीनं जातात. गठ्ठा फुलवून लावा. तरीही जात असतील तर रोलर किंवा सेपरेशन पॅड (पानं एकेक सुटी करणारी पट्टी) झिजलाय. तो यवतमाळात मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरला नॅप्स-टू (NAPS2) फुकट आहे. ‘दाखला’, ‘फोटो’ असे प्रोफाइल एकदा करून ठेवले की रोज सेटिंग बदलावी लागत नाही. जुना स्कॅनर घेत असाल तर तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का, ते दुकानातच उघडून बघा.