उघड्या मुठीच्या रिंगणात उतरण्याआधी

प्रिय पैलवान,

पिंजऱ्यात एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाच्या, सहा लढती झाल्या, चार जिंकल्या, आता बेअर नकलमध्ये, म्हणजे ग्लव्हजशिवायच्या बॉक्सिंगमध्ये, उतरू का, असं तू विचारलंस. आत्ता नको, निदान दोन वर्षं नको. ही दोन वर्षं वाट बघण्यात घालवायची नाहीत, काम करण्यात घालवायची आहेत. ते काम कोणतं, ते खाली लिहितो.

यूएफसी या अमेरिकेतल्या एमएमए संस्थेतून उघड्या मुठीकडे आलेल्या माइक पेरीचं तू नाव घेतलंस म्हणून आधी त्याचंच बोलू. 2022 मध्ये लंडनला पेरी आणि मायकल पेज पाच फेऱ्यांत बरोबरीत राहिले, मग जादा सहावी फेरी झाली आणि पेरी गुणांवर जिंकला. पुढच्या वर्षी त्याने ल्यूक रॉकहोल्ड आणि एडी अल्वारेझ या यूएफसीच्या दोन माजी विजेत्यांना हरवलं. हे सगळं खरं. पण पेरी, अल्वारेझ, आर्टेम लोबोव या सगळ्यांना लोक आधीच यूएफसीमुळे ओळखत होते. इथे त्यांना जे पैसे मिळाले, ते त्या ओळखीचे. नाशिकच्या नवख्या पोराला त्याच जखमांचे किती मिळतील, याचा विचार कर. शिवाय नावामुळे करार मिळतो, लढत जिंकता येत नाही. पेज व्हॅनझँट ही यूएफसीतली लढवय्यी मोठं नाव घेऊन आली आणि 2021 मध्ये दोन्ही लढती हरली.

आता नियम. बीकेएफसीत, म्हणजे उघड्या मुठीच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेत, दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या असतात. तीन फुटांवर आखलेल्या दोन रेषांवर समोरासमोर उभं राहायचं आणि इशारा झाला की सुरू. लाथ, कोपर, गुडघा, पाय धरून काढलेला पट, फेक, सगळं बंद. पडलेल्याला मारायचं नाही, उठायला दहा आकडे मिळतात. मनगटाला, तळहाताला आणि अंगठ्याला पट्टी चालते, पण ती नकलपासून, म्हणजे बोटांच्या मुळाशी वर येणाऱ्या सांध्यांपासून, एक इंच मागेच थांबली पाहिजे. आणि तुझ्या कामाचा नियम असा, की एका हाताने प्रतिस्पर्ध्याची मान धरून दुसऱ्या हाताने ठोसे मारता येतात.

तालमीतून येणाऱ्याला फायदा मिळतो तो इथेच. मानेत हात घालून समोरच्याचं डोकं खाली ओढणं तू लहानपणापासून करतोयस. निव्वळ बॉक्सरला तिथे काय करायचं ते सुचत नाही, कारण त्याच्या खेळात पंच लगेच सोडवतो. 2019 मध्ये लोबोवने दोन वजनगटांत जगज्जेता राहिलेल्या पॉली मालिन्याजीला गुणांवर हरवलं, ते या नियमांच्या खेळात. पण पटाची भीती गेली की समोरचा बेधडक पुढे येतो. तुझा लांबून फिरवून मारलेला उजवा पिंजऱ्यात का लागतो? समोरच्याचं लक्ष तुझ्या पटाकडे असतं म्हणून. इथे ते लक्ष तुझ्या हातांवरच असेल.

तो लांबचा उजवाच तुझा हात मोडेल. समोरचा हनुवटी खाली घेतो, ठोसा कपाळावर बसतो, तोही करंगळीच्या बाजूने. कपाळाचं हाड जाड, करंगळीमागचं तळहाताचं हाड बारीक, आणि ते नकलच्या जरा मागे, हाडाच्या निमुळत्या भागाशी मोडतं. एमएमएच्या 4 औंसाच्या ग्लव्हमध्ये पट्टी, टेप आणि गादी मिळून हाताची हाडं एकत्र बांधून ठेवतात. इथे प्रत्येक हाड एकटं. म्हणून ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकलवरच बसला पाहिजे, मनगट सरळ, जवळून मारताना मूठ उभी, अंगठा बोटांच्या दुसऱ्या पेरावर घट्ट. लक्ष्य जबड्याची बाजू, बरगड्या, यकृत आणि पोटाचा वरचा खड्डा. डोक्याला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हलका मार, जोर अंगावर खर्च कर. दहा मिनिटांच्या लढतीत चांगला हात शिल्लक असलेला माणूस पाचवी फेरी घेतो.

हात मोडला हे ओळखायचं कसं? करंगळीमागे सूज येते, तिथली नकल खाली बसलेली दिसते, हाडावर एका बिंदूत बोट दाबलं की कळ जाते. मूठ हळू मिटून बघ. करंगळी शेजारच्या बोटावर चढत असेल तर हाड फिरलंय, त्याच दिवशी एक्स-रे आणि हाडांचा डॉक्टर. हळद-तेल चोळून चोळकरी बसवतो म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नकोस. फिरलेलं हाड तसंच जुळलं तर मूठ कायमची वाकडी. साधा मोड असला तरी तीन-चार आठवडे स्प्लिंट, आणि बॅगला हात लावायचा तो डॉक्टरने सांगितल्यावरच.

दुसरी जखम दिसायला अगदी किरकोळ असते आणि म्हणूनच तिची मला जास्त काळजी वाटते. ठोसा तोंडावर बसतो, दात लागून नकलवर अर्ध्या सेंटीमीटरची चीर पडते. खाली सांधा अगदी जवळ असतो, मूठ उघडली की कातडी सरकून चीर झाकते आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. दोन दिवसांत बोट टम्म फुगतं. अशी चीर दिसली की वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं धू, चिकटपट्टीने बंद करू नकोस आणि त्याच रात्री दवाखान्यात जा. डॉक्टरला 'दात लागलाय' हे शब्द स्वतःहून सांग. पत्र्याने कापलं म्हणालास तर तो टाके घालून मोकळा होईल, आणि इथे तेच घातक.

चेहऱ्याचं गणित वेगळं. मोठ्या ग्लव्हजच्या आड हात वर करून लपता येतं, उघड्या मुठी दोन हातांच्या फटीतून सरळ आत येतात. म्हणून हात थोडे पुढे, ठोसा तळव्याने बाजूला सारायचा आणि डोकं सतत मध्यरेषेवरून हलतं ठेवायचं. भुवईचं हाड आणि नकल यांच्यामध्ये कातडी चिमटली की फाटते, रक्त डोळ्यात उतरतं आणि डॉक्टर लढत थांबवतो. कॉर्नरला, म्हणजे फेऱ्यांच्या मधे तुला सांभाळायला, जखम पुसत बसणारा नको, एक मिनिट तिच्यावर घट्ट दाब धरणारा हवा. आणि थांबवण्याचं धाडस असलेला हवा. पेरीविरुद्ध अल्वारेझला दुसऱ्या फेरीनंतर त्याच्याच कॉर्नरने थांबवलं. लढत झाल्यावर डोळ्याखाली सूज असेल तर नाक शिंकरू नकोस. खोबणीचं हाड तडकलं असेल तर हवा आत शिरून डोळा फुगतो. एकाचे दोन दिसले तर सकाळची वाट बघू नकोस.

आता डोक्याबद्दल, आणि हे तुझ्या आईसमोरही मी असंच बोलेन. 2021 च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या लढतीत जस्टिन थॉर्नटन काही सेकंदांतच बेशुद्ध पडला आणि ऑक्टोबरमध्ये वारला. त्याआधी एमएमएमध्ये तो सलग हरत आला होता. तू नॉकआउट झालास, किंवा ठोसा खाऊन दोन दिवस डोकं जड राहिलं, तर स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, बंद. लागोपाठ दोन लढती अशा गेल्या तर उघड्या मुठीचा विषयच बंद. वजनही शेवटच्या आठवड्यात पाणी तोडून उतरवायचं नाही. शरीर सुकलेलं असताना डोक्यावर मार खाणं सगळ्यात वाईट.

परवान्याशिवाय कुठेही लढायचं नाही. 1889 मध्ये सलिव्हन आणि किलरेन हे बॉक्सर उघड्या मुठींनी मिसिसिपीतच 75 फेऱ्या लढले, तेही कायदा मोडून. अमेरिकेत सरकारी परवान्याने असा कार्यक्रम व्हायला मग 2018 चा जून उजाडला, वायोमिंगमधल्या शायेन गावी. परवाना म्हणजे रिंगणाशेजारी डॉक्टर, दाराशी रुग्णवाहिका, आधी रक्ततपासणी, नंतर सक्तीची विश्रांती. फार्महाऊसवर रात्री लढत ठेवून रोख पैसे देणारे भेटतील. त्यांना नाही म्हण, रक्कम ऐकायच्या आधी.

या दोन वर्षांचं काम आता. पहिलं वर्ष निव्वळ बॉक्सिंग, हौशी लढती, 16 औंसाच्या ग्लव्हजमध्ये स्पॅरिंग. नाशिकमध्ये तुझ्या वजनाचे चांगले जोडीदार मोजकेच, तेव्हा पंधरवड्यातून एकदा सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जा आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत ये. पायांसाठी पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच: दोन मिनिटं चढ, एक मिनिट थांब, असं पाच वेळा. फेऱ्यांचा हिशोब तोच आहे.

हातांचं काम दुसऱ्या वर्षी. पहिले चार आठवडे बॅगला उघडा हात लावायचा नाही. तांदळाच्या बादलीत हात खुपसून मूठ उघड-मीट, प्रत्येक हाताला तीन मिनिटं, तीनदा. मॅटवर पहिल्या दोन नकलवर दहा-दहा जोर, तीनदा. पुढचे चार आठवडे मऊ बॅगवर फक्त पट्टी बांधून, आठवड्यातून दोनदा, दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, ताकद तिसरा हिस्सा. त्यानंतर पाच फेऱ्या, ताकद निम्म्याहून थोडी जास्त. पूर्ण जोर उघड्या हाताने बॅगवर कधीच नाही, आणि उघड्या मुठीने स्पॅरिंग तर अजिबात नाही. भिंतीवर, झाडावर हात आपटून मूठ दगडासारखी होते हा गैरसमज सोड. कातडी जाड होते, आतले सांधे झिजतात. डिसेंबर-जानेवारीत, निफाडइतकी नसली तरी, आपल्याकडेही पहाटे बोटं आखडतात. पट्टी बांधण्याआधी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात ठेव. दुसऱ्या दिवशी बोटांच्या मुळाशी दुखलं तर आठवडाभर बॅग बंद, जोर आणि पायांचं काम चालू.

करार आला तर वकिलाकडून वाचून घे. लढायला उतरल्याचे किती, जिंकल्याचे वेगळे किती, किती लढतींना बांधून घेतलंय, दुसरीकडे एमएमए लढायची मोकळीक आहे का, आणि हाताची शस्त्रक्रिया लागली तर बिल कोणाचं. हा शेवटचा मुद्दा बहुतेक पोरं विचारतच नाहीत. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात व्यावसायिक धोकादायक खेळातली दुखापत सहसा धरत नाहीत, म्हणून लेखी उत्तर माग.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या करून घे आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस घे, आधी झाली नसेल तर. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात, त्यामुळे उशीर केलास तर पुढचं सगळं लांबतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही आईला विचार. आणि येताना दोन्ही हातांचे एक्स-रे घेऊन ये, जुना एखादा मोड अंगावर काढलेला असेल तर तो पट्टी बांधण्याआधी मला बघायचाय.

तुझा,
काका