काचेचं कॅबिनेट की जाळीचं? इंदूरच्या उन्हाळ्यातल्या गेमिंग पीसीसाठी

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. सुदामानगरात गच्चीखालची खोली, आय५ १२४००एफ प्रोसेसर, बी६६० चा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आणि पुढून अख्खी काच असलेलं कॅबिनेट. मे महिन्यात गेम खेळताना कार्ड ८४ डिग्रीला जातंय आणि फॅनचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू येतोय. बजेट पाच-सहा हजार, पुढच्या वर्षी कार्ड बदलायचंय, आणि मनात भरलंय ते फिश टँकवालं, समोरून आणि बाजूने काच असलेलं मॉडेल. माझं मत आधीच सांगतो, पुढची बाजू जाळीची घे. पण नुसतं नाव सांगून भागणार नाही, कारण दुकानात ते मॉडेल नसलं की दुसरंच काहीतरी पुढे येतं, आणि त्या वेळी काय बघायचं हे तुझं तुला कळलं पाहिजे, म्हणून जरा लांबण लावतो.

पैसे खर्च करायच्या आधी एक टेस्ट कर, फुकट आहे. नेहमीचा गेम अर्धा तास चालव आणि कार्डचं तापमान लिहून ठेव. मग बाजूची काच काढ, पुढचं पॅनलही ओढून काढ (बहुतेक पॅनल खालच्या खाचेत बोटं घालून ओढलं की निघतं, फक्त आतली वायर ताणू नकोस) आणि तोच गेम परत अर्धा तास चालव. सात-आठ डिग्री किंवा जास्त उतरलं तर दोष कॅबिनेटचा, नवीन घे. एक-दोन डिग्रीच उतरलं तर हवा अडत नाहीये, कार्डच्या हीटसिंकमध्ये (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) धूळ भरलीये किंवा चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलीये, आणि तसं असेल तर दहा हजारांचं कॅबिनेट आणलंस तरी ८४ चे ८२ होतील.

दोन्ही वेळेस खोलीचं तापमानही बघ, हे बरेच लोक विसरतात. आतला भाग खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. यूट्यूबवर रिव्ह्यू बघतोस ते बहुतेक २०-२५ डिग्रीच्या एसी खोलीत केलेले असतात, आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीखाली ३८-४० सहज असतं. म्हणजे तिकडचे ६८ आणि तुझे ८४ यांच्यातला बराचसा फरक नुसता खोलीचा आहे. कार्ड खोलीपेक्षा किती वर गेलं तो आकडा खरा. ३०६० ची कंपनीने दिलेली मर्यादा ९३ डिग्री आहे, म्हणजे कार्ड जळायला आलंय असं नाही, पण आवाज आणि उकाडा आहे तो आहेच.

आता मुख्य गोष्ट. ३०६० चे १७० वॅट, प्रोसेसर, बाकी बोर्ड वगैरे मिळून गेम चालू असताना अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता त्या डब्यात तयार होते, आणि पुढच्या वर्षी ४०७० घेतलंस तर नुसतं कार्डच २०० वॅटचं, ५०७० घेतलंस तर २५०. ही सगळी उष्णता बाहेर जायला आधी तेवढी गार हवा आत यायला हवी. पुढे काच असली की तिच्यामागचे तीन फॅन कडेच्या बोटभर फटीतून हवा ओढतात, म्हणजे माणसाच्या तोंडावर उशी दाबून त्याला पळायला लावल्यासारखं. फॅन फिरतात, लाइट लागतात, पण हवा येत नाही. काही मॉडेलमध्ये पुढे जाळी दिसते पण ती नुसती डिझाइनची असते, मागे प्लॅस्टिकची भिंत असते. म्हणून दुकानात पुढचं पॅनल काढायला सांग आणि उजेडासमोर धर, पलीकडचा ट्यूबलाइट स्पष्ट दिसला पाहिजे.

यावर घरचे म्हणतात की जाळी म्हणजे धूळ, आणि आपली माळव्याची काळी माती किती बारीक असते ते उन्हाळ्यात खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की कळतं. पण धूळ काचेच्या कॅबिनेटमध्येही जातेच, फक्त जिथे फिल्टर नाही अशा फटींतून जाते आणि थेट कार्डवर बसते. उपाय असा की आत हवा घेणारे फॅन जास्त ठेवायचे, बाहेर टाकणारे कमी. मग आतला दाब किंचित जास्त राहतो, हवा फिल्टरमधूनच आत येते आणि बाकीच्या फटींतून बाहेर जाते. फिल्टर निघणारा आणि धुता येणारा हवा, चुंबकाचा असेल तर सगळ्यात सोपं. माझा भाचा राजवाड्याजवळ राहतो, त्याच्याकडे रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) पुढचा फिल्टर काढला तर अख्खा गुलाबी, जाळीच्या प्रत्येक भोकात गुलाल, आणि आत कार्डच्या पंख्यावर मात्र जवळजवळ काहीच नाही. नळाखाली धरला, रात्रभर वाळवला, परत लावला. फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू दे, आणि ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर तो सुसाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

फॅनबद्दल. दुकानात पहिलं वाक्य ऐकशील, 'भिया, सात फैन के साथ है'. सात फॅनला भुलू नकोस, ते कुठल्या कनेक्टरचे आहेत ते विचार. स्वस्त कॅबिनेटमधले बरेच फॅन मोलेक्सवर (एसएमपीएसमधून येणारा जुना चार पिनांचा प्लग) चालतात, म्हणजे थेट १२ व्होल्ट, कायम एकाच स्पीडने, बोर्ड त्यांना कमी-जास्त करूच शकत नाही. तुला थ्री-पिन किंवा फोर-पिन पीडब्ल्यूएम पाहिजेत, जे मदरबोर्डवर लागतात आणि ज्यांचा स्पीड बोर्ड कमी-जास्त करू शकतो. पुढे दोन किंवा तीन १२० मिलिमीटरचे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर, एवढं तुझ्या मशीनला पुरेसं आहे. वर लावायचाच असेल तर मागच्या कोपऱ्याकडे लाव, पुढच्या कोपऱ्यात लावलास तर नुकतीच आत आलेली गार हवा तो कार्डपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर फेकतो. लाइटच्या वायरींचंही सांगतो, एआरजीबी म्हणजे ५ व्होल्टचा तीन पिनांचा आणि साधा आरजीबी १२ व्होल्टचा चार पिनांचा. पाचवाला जोर लावून बारावर घातला तर लाइट तिथेच संपतात.

आता मापं, इथे घाई करू नकोस. टेप घे आणि आधी घरचं सामान मोज, मग कॅबिनेटचं स्पेसिफिकेशन वाच. तुझा मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटर, तो कुठल्याही मिड टॉवरमध्ये बसतो, पण मी तुला एटीएक्स मापाचंच कॅबिनेट घे म्हणेन (एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ असतो), उद्या बोर्ड बदलला तर अडणार नाही आणि कार्डच्या खाली हवेला जागा मिळते. प्रोसेसरवरचा टॉवर कूलर तू १५५ मिलिमीटर उंचीचा लिहिलायस, तर कॅबिनेटची कूलरच्या उंचीची मर्यादा १६० च्या वर हवी, नाहीतर काच कूलरच्या पाइपांना टेकते आणि बंदच होत नाही. कार्डच्या लांबीत लोक सगळ्यात जास्त फसतात. दोन पंख्यांचं ३०६० साधारण २४० मिलिमीटरचं असतं, पण पुढच्या वर्षी तीन पंख्यांचं घेशील ते ३००-३४० चं. म्हणून कॅबिनेटमध्ये कार्डसाठी ३६० तरी लिहिलेलं बघ. आणि कधी पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर लावायचा विचार असेल तर त्यातून पन्नास-पंचावन्न वजा कर, कारण रेडिएटर सत्तावीसच्या आसपास जाड आणि त्यावर पंचवीसचा फॅन.

लांबी सगळे बघतात, रुंदी कोणी बघत नाही. नवीन कार्डांचा पॉवरचा कनेक्टर काचेच्या बाजूला तोंड करून असतो, आणि त्या सोळा पिनांच्या केबलला कनेक्टरपासून ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्यायचं, त्याआधी वाकवायची नाही असं सांगतात. कॅबिनेट अरुंद असलं की काच केबलला दाबते आणि प्लग तिरका बसतो, हे तर तापायला आमंत्रण. म्हणून बाहेरून २१० पेक्षा कमी रुंद असलेलं मी घेणार नाही.

एसएमपीएस तुझा साधा एटीएक्स आहे, १५० रुंद, ८६ उंच, तो बसेल, पण खाली हार्ड डिस्कचा पिंजरा असतो तो मागे-पुढे सरकतो का ते बघ, नाहीतर केबल कोंबाव्या लागतात. तुझी २ टीबीची मोठी हार्ड डिस्क ठेवायची असेल तर साडेतीन इंचाची एक तरी जागा आहे का विचार. डीव्हीडी रायटरची जागा आता नव्या कॅबिनेटमध्ये जवळजवळ मिळतच नाही, वडिलांच्या जुन्या सीडी बघायला यूएसबीचा बाहेरचा घे आणि विषय संपव.

फिश टँकवाल्याबद्दल. दिसतं सुंदर, मान्य. पण त्यात पुढून हवा येतच नाही, बाजूने आणि खालून ओढावी लागते, म्हणजे खाली तीन, बाजूला दोन-तीन, मागे एक असे फॅन लागतात आणि या बजेटमध्ये ते सगळे चांगले मिळत नाहीत. वरून खालची हवा म्हणजे तुझ्या फरशीवरची धूळ. एसी खोली असती आणि बजेट दुप्पट असतं तर घे म्हटलं असतं.

नावंच हवी असतील तर तुझ्या बजेटच्या आसपास डीपकूल सीसी५६० बघ, पुढे जाळी, चार फॅन लावलेले येतात, कूलर १६३ पर्यंत आणि कार्ड ३७० पर्यंत बसतं. थोडं ताणता आलं तर कॉर्सेर ४०००डी एअरफ्लो, कार्ड ३६० आणि कूलर १७०. आणखी वर गेलास तर लियान ली लॅनकूल २१६, त्यात पुढे १६० चे दोन मोठे फॅन असतात, कमी स्पीडला भरपूर हवा आणि आवाज कमी.

घ्यायला सिल्व्हर मॉललाच जा, ऑनलाइन दोन-तीनशे स्वस्त मिळालं तरी. आरएनटी मार्गावर पाच-सहा दुकानं पायी होतात आणि हात लावून बघता येतं. रिकाम्या कॅबिनेटचे दोन विरुद्ध कोपरे धरून हलकं पिळ, फार वाकलं तर पत्रा पातळ आहे, नंतर बोर्डाचे स्क्रू भोकांशी जुळणार नाहीत. मागे कार्डच्या स्लॉटच्या पट्ट्या बघ, स्क्रूच्या असाव्यात. तोडून काढायच्या असल्या की एकदा तोडल्यावर भोक कायमचं उघडं, आणि आपल्याकडे पाल आणि झुरळं तिथूनच आत जातात. काच दुकानातच खोका उघडून तपासून घे.

घरी काच काढलीस की गादीवर किंवा सोफ्यावर ठेव, फरशीवर कधीच नाही. टेम्पर्ड काचेची कड टाइल्सवर जरा जोरात टेकली तरी अख्खी काच एका क्षणात चुरा होते, टाइल काचेपेक्षा कडक असते म्हणून.

सामान हलवताना प्रोसेसर आणि कूलर काढायची गरज नाही, त्यांच्यासकट बोर्ड बाहेर येतो, पेस्ट नवीन लागत नाही, विंडोजही परत टाकावं लागत नाही. आधी सगळ्या वायरींचे फोटो काढ. ग्राफिक कार्ड सगळ्यात आधी बाहेर आणि सगळ्यात शेवटी आत. मागची पत्र्याची आयओ शील्ड बोर्डापासून वेगळी असेल तर ती जुन्या कॅबिनेटमध्येच राहून जाते, आणि बोर्ड बसवल्यावर आठवली तर सगळं परत उघडावं लागतं. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ तुझ्या बोर्डाच्या भोकांशी मोजून जुळव, जिथे भोक नाही तिथला काढून टाक, नाहीतर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. प्रोसेसरची आठ पिनांची केबल वरच्या डाव्या भोकातून आधीच ओढून ठेव, नंतर हात जात नाही. यूएसबी ३.० चा जाड निळा-काळा प्लग तिरका ओढू नकोस, पिना वाकतात. पॉवर स्विचच्या दोन पिना उलट लागल्या तरी चालतं, लाइटच्या मात्र प्लस-मायनस बघून.

आणि तू शेवटी लिहिलंयस की कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. ते नवीन कॅबिनेटने जाणार नाही. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मा व्होल्टेज येतो, करंट अगदी कमी असतो पण ते चांगलं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून पीसीचा प्लग लागतो त्या भिंतीवरच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घे, आणि हे काम कॅबिनेट आणायच्या आधी कर. खोलीतला कूलर पीसीच्या दिशेने लावत असशील तर तोंड फिरव, दमट हवा आणि पाण्याचे कण थेट आत जातात. खोली गार झाली की पीसीला तेवढा फायदा आपोआप मिळतो.

सगळं जोडून झालं की काच न लावता एकदा चालू कर आणि प्रत्येक फॅनसमोर कागदाची पट्टी धर. पुढच्या फॅनने ती आत ओढली पाहिजे, मागच्याने बाहेर ढकलली पाहिजे. एखादा उलटा लागला असेल तर तिथेच कळतं. जुनं कॅबिनेट लगेच भंगारात देऊ नकोस, त्यातले स्क्रू आणि स्टँडऑफ एका डबीत काढून ठेव, नव्यात एखादा कमी पडतोच.