धारेची वेळ पाळणाऱ्या वडिलांना

सांगली जिल्ह्यातील एका दूध उत्पादक वडिलांचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीने वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा एमबीबीएसचा प्रवेश हुकला. तिसऱ्या प्रयत्नासाठी वडिलांनी तिला वेळापत्रक आखून दिले आहे : पहाटे साडेतीनला उठायचे, रात्री साडेअकराला झोपायचे. मुलगी मात्र गोठ्यात रमते, प्रत्येक गाईच्या दोन्ही वेळच्या दुधाची आणि फॅटची नोंद ठेवते आणि आपल्याला गाईंच्या शरीरातले घड्याळ शिकायचे आहे, असे म्हणते. त्या वहीच्या काही पानांचे फोटो वडिलांनी ‘खुळाचा पुरावा’ म्हणून सोबत पाठवले आहेत. तिला शेणामुतातून बाहेर काढायला शिकवले आणि ती परत तिथेच निघाली, तिची समजूत कशी घालावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तिची समजूत कशी घालावी, हे मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात तुमच्या मेहुण्यांच्या मुलाचे नीटचे गुण आहेत, त्याला मिळालेल्या महाविद्यालयाचे नाव आहे. तुमच्या मुलीचे गुण मात्र कुठेही लिहिलेले नाहीत. ती कोणत्या विषयात कमी पडली, दुसऱ्या वर्षी गुण वाढले की घटले, यावर एकही वाक्य नाही. म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाचा निर्णय तिच्या गुणांकडे पाहून झालेला नाही, तो मेहुण्यांच्या घराकडे पाहून झालेला आहे, असे मला स्पष्ट लिहावेसे वाटते.

त्याहून काळजी वाटली ती वेळापत्रकाची. घरात लग्नकार्य असले तरी धारेची वेळ तुम्ही चुकू देत नाही, कारण वेळ चुकली की गाय पान्हा चोरते, हे तुम्हीच अभिमानाने लिहिले आहे. जनावराच्या शरीराला वेळ असते, हे ज्यांना इतके नेमके ठाऊक आहे, त्यांनी एकोणीस वर्षांच्या मुलीला वर्षभर चार तासांच्या झोपेवर ठेवावे, याचा मेळ मला लावता आला नाही. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते आणि या वयात किमान सात तास झोप लागते. ‘हल्ली ती वाचलेले विसरते आणि लगेच रडते’ हे वाक्य तुम्ही तिच्या आळसाचे उदाहरण म्हणून दिले आहे. ते आळसाचे लक्षण नाही. पुढचे सगळे बाजूला राहू द्या, पण हे वेळापत्रक आज रात्रीपासून बंद करा. आणि पुरेशी झोप मिळूनही रडणे थांबले नाही, तर तिला डॉक्टरांना दाखवा.

आता तिच्या ‘खुळा’विषयी. संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते, हे संकलन केंद्रावर रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते आणि त्याचे कारणही सगळे एकच सांगतात : रात्रीचे अंतर मोठे, म्हणून सकाळी दूध जास्त आणि पातळ. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात केव्हिन हार्वाटीन यांच्या गटाने गाईंची धार दर सहा तासांनी, म्हणजे अगदी समान अंतराने काढली, तरीही दूध आणि फॅट दिवसभरात एका लयीत कमीजास्त होत राहिले. तोच आहार दिवसातून एकदा घालण्याऐवजी सहा-सहा तासांनी चार सारख्या वाट्यांत घातल्यावर फॅटमधला चढउतार कमी झाला, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. म्हणजे कासेतल्या पेशींनाही दिवसाची वेळ कळते आणि गव्हाणीत वैरण कधी पडते, यावर ती वेळ काही अंशी ठरते. मेंदूतले मुख्य घड्याळ उजेड-अंधारावर चालते. यकृत आणि चरबी यांच्या घड्याळांवर खाण्याच्या वेळेचा मोठा प्रभाव असतो. पेशींतली ही घड्याळे कशी चालतात, हे फळमाशीवर उलगडून दाखवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले; त्यामुळे हा विषय तुमच्या मुलीने गोठ्यात बसून शोधून काढलेला नाही.

तिच्या वहीतले एक पान मी बराच वेळ पाहत होते. तुमची एक गाय व्याल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात खुराक सोडून नुसता कडबा चघळू लागली, दूध निम्म्यावर आले आणि डॉक्टरांनी तिला शिरेतून ग्लुकोज दिले. ही कीटोसिसची, म्हणजे कितनबाधेची, ओळखीची लक्षणे आहेत. व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे दुधातून जाणारी ऊर्जा खाण्यातून भरून निघत नाही, म्हणून गाय अंगची चरबी वितळवते आणि ती सगळी यकृताला पुरती जाळता आली नाही की रक्तात कीटोन, म्हणजे अर्धवट जळालेल्या चरबीतून उरणारी द्रव्ये, वाढतात. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराला आतड्यातून आयते ग्लुकोज फारसे मिळत नाही. पोटात चारा आंबून जे प्रोपिऑनिक आम्ल तयार होते, त्यापासून यकृताला ते बनवावे लागते. त्या आठवड्याच्या नोंदीशेजारी मुलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘ऊसतोडीमुळे खुराकाची वेळ बदलली होती?’ एका गाईवरून काहीच सिद्ध होत नाही आणि शेवटचे प्रश्नचिन्ह पाहता तिलाही ते ठाऊक असावे. त्या प्रश्नचिन्हासाठी मी तिला गुण दिले असते.

मात्र तिलाही थोडे खडसावणे भाग आहे. या शास्त्रात उत्तरे सरळ येत नाहीत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात आटवलेल्या, म्हणजे विण्यापूर्वी धार बंद केलेल्या, गाभण गाईंसाठी उजेड-अंधाराच्या वेळा सतत मागेपुढे केल्या, तेव्हा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला आणि व्याल्यानंतर दूधही कमी राहिले, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले; त्याच विद्यापीठातील पुढच्या प्रयोगात दूध उलट वाढलेले आढळले. दुभत्या गाईंना सोळा तास उजेड दिल्यास दिवसाला सुमारे दोन लिटर दूध वाढते, हा जुना निष्कर्षही मुख्यतः थंड देशांतला आहे. आपल्याकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात दोन-सव्वादोन तासांचाच फरक पडतो. आपल्या संकरित गाईचा दिवस उजेडापेक्षा उन्हाळ्यात दुपारचे ऊन अधिक बिघडवते, कारण ती त्या वेळी खाणे टाळते. वैरण पहाटे आणि रात्री घातल्याने तिच्या यकृताचे काय होते, हा प्रश्न सांगली-सोलापूरकडच्या मुलीने विचारावा असा आहे, पण त्यासाठी जीवरसायन आणि संख्याशास्त्र कंटाळा न करता शिकावे लागेल. वहीत धारेच्या वेळेचा रकाना आहे, खुराकाच्या वेळेचा नाही, आणि गोठ्याचे तापमान तर कुठेच नाही. एवढ्या नोंदींवर कुठलाही मार्गदर्शक तिला उभे करणार नाही.

‘गाईंचीच हौस असेल तर डेअरी टेक्नॉलॉजीला घाला’ हा मेहुण्यांचा सल्ला मी अनेक घरांत ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. बी. टेक. डेअरी टेक्नॉलॉजी ही गाईची पदवी नाही. दूध गोठ्यातून बाहेर पडल्यावर तिचे काम सुरू होते : पाश्चरीकरण, भुकटी, लोणी, चीज, शीतसाखळी, यंत्रे, भेसळीच्या चाचण्या. ती चांगली पदवी आहे, तिच्यावर नोकऱ्याही मिळतात. पण गाभण गाईच्या यकृतात काय चालले आहे, याच्याशी तिचा संबंध फारच थोडा येतो. ज्या मुलीला बॉयलर आणि पाइपलाइन यांत रस नाही, तिला केवळ ‘डेअरी’ या पाटीवरून तिथे पाठवले, तर दुसऱ्या वर्षात ती पुन्हा मला पत्र लिहील.

तिच्यासाठी सरळ वाट पशुवैद्यक पदवीची आहे. बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. हा अभ्यासक्रम एका वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा असतो, प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो आणि एमबीबीएसला अपुरे पडलेले गुण इथे पुरू शकतात. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये परळ, शिरवळ, परभणी, उदगीर येथे आहेत; तुम्हाला शिरवळ जवळ पडेल. पुढे शरीरक्रियाशास्त्र किंवा पशुपोषण या विषयांत कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आणि बंगळूरची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था ही नावे तिने आतापासून लक्षात ठेवावीत.

‘यात पैसा आहे का’ असेही तुम्ही विचारले आहे. पदवीनंतर पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, पशुखाद्य कंपन्या, स्वतःचा दवाखाना हे मार्ग खुले असतात आणि त्यांवर घर नीट चालते. संशोधनाकडे वळली तर डॉक्टरेट हाती येईपर्यंत तिशी उजाडेल आणि तोवर तिच्याकडून घराला फारशी मदत होणार नाही. हे आजच मान्य असेल तरच तिला त्या वाटेने पाठवा, मध्येच हिशेब मागू नका. शेणामुताची तुम्हाला लाज वाटते, हे पत्रात तीन ठिकाणी दिसते. तिला ती वाटत नाही. अकरा गाईंच्या जोरावर तुम्ही तिला बारावी विज्ञानापर्यंत शिकवले आहे, त्यामुळे ती का वाटत नसावी, हे समजायला अवघड नाही.

पुढचे पत्र तिला स्वतः लिहू द्या. त्यात नीटचे दोन्ही वर्षांचे गुण, बारावीचे विषयवार गुण, प्रवर्ग आणि वसतिगृहाचा खर्च किती झेपेल, एवढे असावे. महाविद्यालयांचा पसंतीक्रम त्यावरून लावता येईल.