संसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध कशासाठी?

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या भाच्याला डेंग्यू झाला. दहा दिवस उलटले तरी ताप हटला नाही, प्लीहा वाढली आणि रक्तातील पेशी घटत गेल्या. डॉक्टरांनी आता ‘एचएलएच’ असे निदान करून स्टेरॉइड सुरू केले आहे. अंगात संसर्ग असताना हे औषध कसे चालते? हा कॅन्सर तर नाही ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : एचएलएच, म्हणजेच हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, हा स्वतः कॅन्सर नाही, मात्र लिम्फोमामुळेही (लसिका संस्थेच्या कॅन्सरमुळेही) तो उद्भवतो, म्हणून ती शक्यता तपासून पाहावीच लागते. विषाणूग्रस्त पेशी नष्ट केल्यावर प्रतिकारक पेशींनी आवरते घ्यायचे असते. ते जमले नाही, तर टी-पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या पेशी) या दोन प्रकारच्या प्रतिकारक पेशी एकमेकांना चेतवत राहतात आणि त्यातून सुटणारी सायटोकाइन्स, म्हणजे दाह वाढवणारी रसायने, यकृत, अस्थिमज्जा, प्रसंगी मेंदूलाही इजा करतात. या टप्प्यावर जिवाला धोका मूळ विषाणूपेक्षा या अनावर दाहाचा अधिक असतो. स्टेरॉइड त्यासाठी आहे. स्क्रब टायफससारखे (किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापासारखे) उपचार होण्याजोगे कारण सापडले, तर त्यावरचे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक तातडीने सुरू करावेच लागते.

निदानात खरी फसगत ईएसआर करतो. ईएसआर आणि सीआरपी या दोन्ही दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी चढलेला असताना ईएसआर उतरला की घरचे हायसे वाटून घेतात. परंतु तो उतरतो फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन खालावल्यामुळे, आणि तीच धोक्याची खूण असते. म्हणून ताप हटत नसताना पेशी घटत असतील, तर फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन), ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) आणि फायब्रिनोजेन पाहावे, एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा. लहान मुलात फेरिटिन मिलिलिटरमागे १०,००० नॅनोग्रॅमच्या वर गेले, तर संशय फारच बळावतो. अस्थिमज्जेच्या नमुन्यात तांबड्या पेशी गिळून बसलेले मॅक्रोफेज दिसू शकतात, पण ते दिसले नाहीत म्हणून आजार नाही असे ठरत नाही. निदानाच्या २००४ च्या निकषांत आठपैकी पाच बाबी जुळाव्या लागतात. तथापि मूल झपाट्याने खालावत असेल, तर पाचवीची वाट पाहत उपचार थांबवणे मला योग्य वाटत नाही.

स्टेरॉइडने भागले नाही, तर इटोपोसाइड देतात. ते कॅन्सरवरचे औषध असल्याने नातेवाईक हादरतात, पण येथे ते बेभान झालेल्या टी-पेशींना मारण्यासाठी असते. आजार पुन्हा उलटला, किंवा परफोरिनसारख्या (प्रतिकारक पेशींना ग्रस्त पेशी मारण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातील दोष आढळला, तर मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार होतो. दाता सख्खे भावंड असेल, तर तोच दोष त्याच्यातही नाही ना, याची जनुकीय तपासणी आधी करून घ्यावी लागते.