मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना मानसिक आजारांवर उपचार करायला शिकवता येते का?

कोकणातल्या रुग्णालयात मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना मानसिक आजारांवर उपचार करण्याइतके तयार करता येईल का, आणि त्यासाठी त्यांना काही आठवडे मानसोपचार विभागात पाठवणे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात मेडिसिन शिकवतो. त्यांना नक्कीच तयार करता येते; मात्र त्यासाठी त्यांना बाहेर पाठवण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्याच ओपीडीत येऊन शेजारी बसणे अधिक उपयोगी ठरते.

याचे कारण रुग्णांमध्ये आहे. मनोरुग्णालयात प्रामुख्याने तीव्र आजाराचे रुग्ण दिसतात, तर आमच्याकडे येणारी बाई छातीत धडधडते, हातापायांची आग होते, अन्न जात नाही, असे सांगते. मन उदास असल्याचे ती आपणहून क्वचितच बोलते. मुलगे मुंबईला, घरात ती एकटी, हे तर विचारल्याशिवाय कळतच नाही. ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी ठीक निघाली की "काही झालेले नाही" असे सांगून अल्प्राझोलाम ही मन तात्पुरते शांत करणारी गोळी लिहून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि ती मोडणे हेच प्रशिक्षणाचे पहिले काम आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारख्या आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते. त्यांतले कितीतरी जण आमच्यासारख्यांच्या ओपीडीतून जाऊन आलेले असणार, असे मला वाटते. घरच्यांनी देवाला कौल लावला आहे का, गाऱ्हाणे घातले आहे का, हेही आदराने विचारायला शिकवावे. तुच्छतेने विचारले तर पुढचे काहीच कळत नाही.

वॉर्डातले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण विषबाधेच्या रुग्णापाशी होते. बागेच्या फवारणीचे औषध प्यायलेल्या माणसाला ॲट्रोपीन देऊन वाचवणे आमच्या मुलांना चांगले जमते, पण तो शुद्धीवर आल्यावर, नातेवाइकांना बाहेर थांबवून, "अजूनही मरावेसे वाटते का?" हे विचारताना त्यांची जीभ अडखळते. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे. घरी सोबत कोण राहील आणि फवारणीचे औषध कुलपात कोण ठेवील, हे ठरल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही, हे धास्तावलेल्या कुटुंबाला निवासी डॉक्टरांनी स्वतः समजावून सांगावे.

तरीही माझा सर्वाधिक आग्रह एकच रुग्ण पुन्हा पुन्हा पाहण्याचा आहे. एसिटॅलोप्रामसारख्या नैराश्यावरच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. मळमळ आणि बेचैनी मात्र सुरुवातीच्या दिवसांतच जाणवते, म्हणून रुग्ण गोळी सोडतो. तोवर निवासी डॉक्टरचे युनिट बदललेले असते, आणि नैराश्य बरे होते हे त्याला डोळ्यांनी कधी दिसतच नाही. यासाठी आठवड्यातली एक दुपार राखून ठेवावी आणि प्रत्येकाने आपलेच रुग्ण निदान सहा महिने पाहावेत. नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली दर भेटीला भरून घ्यावी. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर सविस्तर तपासावे. नैराश्याचे औषध सुरू करण्याआधी पूर्वी कधी उन्मादाचा (अवाजवी उत्साहाचा, मॅनियाचा) झटका येऊन गेला होता का, हे विचारलेच पाहिजे, आणि तसे असल्यास किंवा भास-भ्रम असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरी गेल्यावर रुग्णाला बोलावेसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केसपेपरवर लिहून द्यावा.

जिल्हा निवासी कार्यक्रमात, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठी, पदव्युत्तर विद्यार्थी असलेले हे निवासी डॉक्टर तीन महिने बाहेर जातात. त्या काळात त्यांचे रुग्ण कोणी पाहायचे, हे ते निघण्यापूर्वी नावानिशी ठरवून रुग्णाला सांगावे, आणि जमल्यास नव्या डॉक्टरची गाठ त्याच दुपारी घालून द्यावी.