रीमॅप केलेली टर्बो गाडी पुण्यात झकास पळते, गोव्यात मरगळते. बूस्ट वाढवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०, मूळचा टर्बो काढून मोठा आयएस-३८ टर्बो बसवलाय, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) आणि इनटेक (हवा आत घ्यायचा मार्ग) मोठा केलाय, इंटरकूलर मात्र कंपनीचाच. रीमॅपची फाइल, म्हणजे ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकायची नवी सेटिंग, पुण्यात करून घेतली. बूस्ट, म्हणजे टर्बोने वातावरणाच्या वर दिलेला दाब, १.६ बार. तिथे गाडी मस्त पळत होती. मडगावला आणल्यापासून मात्र दुपारी एसी लावून पर्वरीच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडलात की पिकअपच राहत नाही. फाइल करून देणारे म्हणतात, बूस्ट १.७ करू.

करू देऊ नका. उलट १.४-१.४५ वर आणायला सांगा, आणि त्या बदल्यात इग्निशन, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ, नीट मिळतंय का ते बघा. मी म्हापशाकडे एका गॅरेजमध्ये याच प्रकारच्या गाड्यांचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘मरगळलेल्या’ गाड्यांना बूस्ट कमी पडत नसतो, जास्त झालेला असतो.

का ते आकड्यांत सांगतो. १.६ बार बूस्ट म्हणजे वातावरणाचा एक धरून एकूण २.६ बार. १.७ केलंत तर २.७. म्हणजे हवा जेमतेम चार टक्के वाढली, तीही तापमान तेवढंच राहिलं तर. ते राहत नाही. बॉनेटखालची ४० अंशांची हवा २.६ पट दाबली की टर्बो ७० टक्के कार्यक्षमतेने चालत असला तरी ती १७५-१८० अंशांना बाहेर पडते. तिला परत खाली आणायचं काम इंटरकूलरचं. तुमच्या गाडीत तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये बसलाय. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत कंडेन्सरची सगळी गरमी त्याच्यावर येते आणि तो स्वतःच तापून बसतो. मग इनटेकची हवा ४५ अंशांऐवजी ६५ अंशांना इंजिनात शिरते. या वीस अंशांत हवेची घनता सहा टक्क्यांनी उतरते. चार टक्के कमवायला जायचं आणि सहा टक्के घालवून बसायचं.

आणि घनता हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा नॉकिंगचा. गरम आणि दाबलेलं मिश्रण प्लगची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात स्वतःहून पेटतं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू त्या सिलिंडरचं इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. इग्निशन मागे गेलं की पिस्टन खाली निघाल्यावर उशिरा दाब येतो, टॉर्क पडतो, आणि जी उष्णता पिस्टन ढकलायला हवी होती ती सायलेन्सरच्या बाजूला निघून जाते. टर्बाइन आणखी तापतं. तुम्हाला सीटवर बसून फक्त ‘गाडी मेली’ एवढंच जाणवतं. ईसीयू इंजिन वाचवत असतो, आणि अशा वेळी बूस्ट वाढवायचा म्हणजे त्याच्याशीच झगडायचं.

गोव्याच्या हवेबद्दल दोन गोष्टी लोक छातीठोक सांगतात, त्या बाजूला ठेवा. पहिली, समुद्रसपाटीला टर्बोला त्रास होतो. खरं उलटं आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब इथल्यापेक्षा सहा टक्के कमी. या गाडीचा ईसीयू एकूण दाबाचं लक्ष्य धरून चालतो, म्हणजे तेवढाच दाब गाठायला टर्बोला पुण्यात जास्त फिरावं लागतं, इथे कमी. दुसरी, दमट हवेमुळे नॉक होतो. तेही नाही. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेतला जवळजवळ चार टक्के भाग वाफेचाच असतो. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी ताकद थोडी कमी. पण वाफेमुळे जळणं मंदावतं, त्यामुळे नॉक होण्याकडे कल उलट घटतो. जून-जुलैत इथे हवा गच्च ओली असते, तरी याच गाड्या मे महिन्यापेक्षा बऱ्या चालतात. कारण इंटरकूलर गार असतो.

आता पेट्रोल. फाइल कुठल्या पेट्रोलवर बनवली हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी विचारायला हवं ते हेच. इंडियन ऑइलचं एक्सपी १००, म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल, डिसेंबर २०२० पासून ठरावीक शहरांत मिळतं. पुण्यात ते भरून डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) फाइल बसवली असेल आणि इथे तुम्ही रोजच्या पंपावरचं साधं पेट्रोल भरत असाल, तर अर्धं उत्तर तिथेच आहे. साधं पेट्रोल आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, त्याचं ऑक्टेन, म्हणजे नॉक न होता तग धरायचा आकडा, ९५. शंभरच्या इग्निशन टेबलवर ९५ चालवलं की भर दुपारी नॉक होणारच.

ई-२० ला मात्र सरसकट शिव्या देऊ नका. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमधला चार्ज गार होतो. त्याची अडचण वेगळी आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन. हळू चालवताना ईसीयू एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर बघून हे जुळवून घेतो. फुल थ्रॉटलला मोठ्या टर्बोवर मात्र प्रश्न पंपाचा येतो. म्हणून माझा आग्रह असा की हवा-इंधनाचे आकडे १२.५ की ११.८ या भाषेत बोलूच नका, लॅम्ब्डात बोला. पेट्रोल कुठलंही असो, लॅम्ब्डा १ म्हणजे १, त्या इंधनाला लागते नेमकी तेवढीच हवा; त्याखाली म्हणजे इंधन जास्त. फुल बूस्टला तो ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान हवा.

कामाला लागताना लॅपटॉप नंतर उघडा, आधी स्पॅनर. टर्बो बदललेल्या गाडीत मी पहिल्यांदा स्मोक टेस्ट करतो. इनटेक बंद करून आत धूर सोडायचा आणि टॉर्च मारून बघायचं. इथल्या खाऱ्या हवेने होजच्या क्लिपा गंजतात, इंटरकूलरच्या पत्रीवर पांढरी भुकटी धरते, आणि टर्बोच्या तोंडाशी असलेला सिलिकॉन होज तेलाने मऊ होऊन क्लिपखालून सरकतो. आयडलला काही कळत नाही. १.२ बारच्या वर गेलं की तिथून हवा सुटते, मग लक्ष्य गाठायला टर्बो अजून जोरात फिरतो आणि हवा अजून तापवतो. लॉगमध्ये, म्हणजे चालत्या गाडीत ईसीयूतून घेतलेल्या नोंदींत, बूस्ट बरोबर दिसतो, म्हणून कोणी शोधत नाही. सोबत हेही विचारा की टर्बो बसवल्यावर वेस्टगेटच्या (बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या) इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरचं ॲडॅप्टेशन, म्हणजे ईसीयूशी नव्याने जुळवणी, केलं होतं का. ते राहिलं असेल तर ३,००० आरपीएमच्या आसपास बूस्ट लक्ष्याच्या वर उसळी मारतो, आणि सगळ्यात वाईट नॉक नेमका तिथेच होतो.

मग चारही प्लग काढा आणि उन्हात नेऊन भिंग लावून बघा. मधली पांढरी चिनीमाती स्वच्छ, फिकट तपकिरी असेल तर ठीक. तिच्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले, किंवा चकचकीत रुपेरी कण चिकटलेले दिसले, तर गाडी फुल थ्रॉटलला चालवणं त्याच दिवशी थांबवा. ते रुपेरी कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. नवीन प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्या आणि गॅप फिलर गेजने ०.६ ते ०.६५ मिमी ठेवा. जास्त गॅप असेल तर या बूस्टला ठिणगी विझते, आणि ते मिसफायर लोक इंधनाच्या नावावर खपवतात.

इंधनाचं काम लॉगवर होतं. आधी शांतपणे चालवून फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती कमी-जास्त करतोय ते. पाच टक्क्यांच्या आत असेल तर मोठ्या इनटेकसाठी फाइलमधली हवेची मोजणी बरोबर आहे. दहाच्या वर असेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, कारण ईसीयूला हवेचा अंदाजच चुकीचा मिळतोय. नंतर डायनोवर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब. या इंजिनात ते २०० बारपर्यंत जातं. ५,५०० च्या पुढे मागितलेलं २०० आणि प्रत्यक्ष १६०-१७० असं दिसलं, तर हाय प्रेशर पंप किंवा टाकीतला पंप पुरत नाही. पंप बदलेपर्यंत वरच्या आरपीएमला बूस्ट उतरवत न्यायचा, दुसरा इलाज नाही. इंजिन इथेच फुटतात, म्हणून हे एवढं लांबवून सांगतोय.

बूस्ट आणि इग्निशन मात्र एकदम हलवायचे नाहीत. १.२ बारला बांधून, इग्निशन जरा मागे ठेवून सुरुवात करा. त्या बूस्टला एकेक डिग्री पुढे घ्या. टॉर्क वाढायचा थांबला किंवा नॉक दिसू लागला की तिथून दीड-दोन डिग्री मागे या, मग बूस्ट ०.१ ने वर. असं करत गेलात की एका टप्प्यावर बूस्ट वाढवूनही टॉर्क वाढत नाही, कारण जेवढं बूस्टने दिलं तेवढं इग्निशन मागे घ्यावं लागलं. तुमच्या इंटरकूलरवर आणि ९५ ऑक्टेनवर तो टप्पा १.४-१.४५ ला येईल असं मला वाटतं. मोठा इंटरकूलर लावलात तर पुढे सरकेल. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा, १.७ च्या फाइलवर नको.

लॉग बघताना चारही सिलिंडरचे नॉकचे आकडे वेगवेगळे बघा. अधूनमधून एखाद्या सिलिंडरला एक-दोन डिग्री मागे जाणं चालतं. चारही एकदम तीन-चार डिग्रीने मागे जाऊन तिथेच राहिले, तर पेट्रोल किंवा गरमी. एकच सिलिंडर सतत मागे जात असेल तर तो प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघा, फाइलला हात लावू नका.

डायनोवरचा कागद घेतानाही एक सांभाळा. पहिल्या, गार पुलचा (फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमपर्यंतच्या एका फेरीचा) आकडा सगळेच दाखवतात. तुम्ही मध्ये न थांबता लागोपाठ चार पुल करायला लावा आणि शेवटच्या पुलमधलं इनटेकचं तापमान आणि इग्निशन मागा. तुमची पर्वरीची दुपार त्यात दिसेल. वरच्या आरपीएमचे लॉग रस्त्यावर घेऊ नका. पणजीचा अटल सेतू मोकळा दिसला तरी तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत जाणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात: या डीएसजीला (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) कंपनीने ३५० न्यूटन मीटर दिलाय, तुम्ही त्याच्या बरंच पुढे आहात. लॉगमध्ये आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही असं दिसलं तर क्लच घसरतोय. आणि मॅन्युअल मोडमध्ये सहाव्या गिअरला १,५०० आरपीएमवरून चोर्ला घाट चढायचा मोह टाळा. कमी आरपीएम आणि जास्त लोड असला की डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत तेलाच्या थेंबामुळे प्लगच्या आधीच पेट होतो. तो इतका अचानक येतो की नॉक सेन्सरला सावरायला वेळच मिळत नाही, एका झटक्यात पिस्टनची रिंगजवळची कड तुटते. फाइलमध्ये २,५०० च्या खालचा टॉर्क मुद्दाम कमी ठेवायला सांगा, आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडमधलंच पण एपीआय एसपी दर्जाचं तेल टाका, त्यात असा अवेळी पेट रोखायची चाचणी असते.

डाउनपाइपमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल तर परत बसवा, जास्त प्रवाहाचे मिळतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, पीयूसी आणि विमा हे तिन्ही विषय त्यात अडकतात, आणि या टर्बोवर त्याने ताकदीत पडणारा फरक अगदी थोडा असतो.

पुण्याला परत जायची घाई करू नका. आधी स्मोक टेस्ट, प्लग आणि पेट्रोलचा खुलासा. तोवर फाइल १.४ वर आणून मागवा, बरेच जण ती ईमेलने पाठवतात. त्यानंतरचा, एसी चालू ठेवून दुपारी केलेला लॉग इथे टाका: इनटेकचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, लॅम्ब्डा, रेल प्रेशर आणि चारही सिलिंडरचं इग्निशन. मी बघून सांगतो.